जरासा हात फिरवला

घरातल्या बिघडलेल्या वस्तूला हात लावतो तो उद्योगी आणि न बिघडलेल्या वस्तूला हात लावतो तो उपद्व्यापी, अशी एक व्याख्या आमच्या घरी रूढ आहे. व्याख्या सौभाग्यवतींची असून उदाहरण मी आहे. मागं आमच्या मोरीतला नळ थेंब थेंब गळत होता. मी तो सोडवला, वायसर बदलला, थेंब थांबला. इथं खरं म्हणजे पान्हा खाली ठेवून मी हात धुवायला हवे होते. पण नळ भिंतीशी अंमळ तिरका बसलाय, असं नेमकं त्याच वेळी माझ्या लक्षात आलं. तो सरळ व्हावा म्हणून मी त्याला जो पीळ दिला, त्यानंतर प्लंबर येईपर्यंतचे अडीच तास आम्ही उभयतांनी बादल्या भरण्यात घालवले.

"थेंब गळत होता तेव्हा बरं होतं," ही म्हणाली. "निदान झोप तरी लागायची."

तेव्हापासून मी दुरुस्ती आणि सुधारणा या दोन शब्दांचा गंभीरपणे विचार करतो आहे. दुरुस्तीला शेवट असतो. वस्तू होती तशी झाली, की काम संपलं. सुधारणेला शेवट नसतो, कारण वस्तू कशी व्हायला हवी हे ठरवणारा गृहस्थ आपल्याच डोक्यात बसलेला असतो आणि त्याला दुसरं काही काम नसतं. मी आत शिरतो तो नेहमी दुरुस्तीच्या दारानं. बाहेर पडायच्या वेळेला मात्र ते दारच मी काढून दुसरीकडे बसवलेलं असतं.

हे सगळं सांगायचं कारण आमचा कॉम्प्युटर.

तो २००९ साली घेतलेला. दोन जीबी मेमरी आणि सतरा इंची चौकोनी पडदा, म्हणजे त्या काळी शेजारपाजाऱ्यांना बोलावून दाखवावा असा ऐवज. पुढं पुढं त्याला इतकं वय झालं की बटण दाबून चहा टाकावा, चहा प्यावा, कप विसळून ठेवावा, आणि मग चष्मा शोधायला लागावं, तेव्हा कुठं तो डोळे उघडायचा. त्यावरच्या विंडोज ७ ची सुरक्षेची मदत १४ जानेवारी २०२० ला कायमची थांबली. कॉम्प्युटर भंगारवाल्याला दाखवला, तर त्यानं तो वजनावर मागितला. चौतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या माणसासमोर एखादी वस्तू वजनावर मागू नये. ते मनाला लागतं.

हा कॉम्प्युटर खरं तर वापरायची ती माझी मोठी बहीण. भावोजी गेल्यानंतर २०१८ पासून ताई आमच्याकडेच असते. तिचा मुलगा बदलीच्या नोकरीत. दर तीन वर्षांनी नवा गाव आणि दर वेळी तिसरा मजला. ताईचे गुडघे तळमजल्याचे. शाळेत मराठी शिकवलेली बाई; अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मराठी टंकायला शिकली आणि रोज दुपारी चार ते पाच काहीतरी लिहीत बसायची. काय लिहितेस विचारलं, की म्हणायची, "रोजचंच."

२०२२ च्या पावसाळ्यात तिचा नातू ओंकार सुट्टीत आला. इंजिनियरिंगला असल्यामुळे त्याला कुठल्याही जुन्या वस्तूविषयी दया येत नाही, असा माझा समज होता. तो चुकीचा निघाला.

"मामाआजोबा, हा टाकू नका. ह्याच्यावर लिनक्स टाकू."

एकाच वाक्यात एक टाकणं नको आणि दुसरं टाकणं हवं, हे मराठी त्याच्या आजीनं शिकवलेलं नसणार. पण त्यानं टाकलं. लिनक्स म्हणजे १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टॉर्वाल्ड्‌स नावाच्या विद्यार्थ्यानं सुरू केलेला गाभा; त्याच्याभोवती जगभरच्या लोकांनी आपापलं सामान आणून रचलं आणि फुकट वाटलं. ओंकारनं आणलेल्या संचाचं नाव डेबियन. तो १९९३ साली सुरू करणाऱ्या इयान मर्डॉकनं मैत्रिणीचं डेब्रा आणि स्वतःचं इयान अशी दोन नावं जोडून ते तयार केलं. ओंकार हे सांगत असताना ही भाजी निवडत होती. तिनं मान वर करून माझ्याकडे फक्त पाहिलं. चाळीस वर्षांत मी दोघांची नावं जोडून साधी दारावरची पाटीसुद्धा केलेली नाही.

आता गाभा झाला, पण आपल्याला दिसतो तो चेहरा. खिडक्या, चित्रं, वरची पट्टी, खालची पट्टी. हा चेहरा लिनक्समध्ये वेगळा मिळतो आणि एक आवडला नाही तर दुसरा लावता येतो. काही चेहरे नटूनथटून येतात आणि मेमरी खातात. आमच्या वाट्याला आला तो हलका, नाव एक्सएफसीई. ऑलिव्हिए फूरदाँ नावाच्या माणसानं १९९६ साली तो बनवायला घेतला. नावातलं एक्स-एफ हे ज्या एक्सफॉर्म्स नावाच्या सामानावरून आलं, ते सामान पुढं केव्हाच बदललं. अक्षरं राहिली, अर्थ गेला. आमच्याकडे नाही का, सावकार जाऊन तीन पिढ्या झाल्या तरी वाड्याला सावकारवाडाच म्हणतात! या एक्सएफसीईचं बोधचिन्ह आहे उंदीर. मी वाईचा. ढोल्या गणपतीच्या गावच्या माणसाला उंदीर आणि वजन यांचं नातं समजावून सांगावं लागत नाही. एवढासा जीव, पण दोन जीबीत कॉम्प्युटर तुरुतुरु पळायला लागला. चहाला पाणी ठेवेपर्यंत हा तयार!

इथंच गोष्ट संपायला हवी होती. वायसर बसला होता.

पण ओंकारनं जाता जाता एक वाक्य टाकलं. "मामाआजोबा, ह्यातलं काहीही बदलता येतं बरं का." अशी वाक्यं माझ्यासारख्या माणसासमोर उच्चारू नयेत, त्यांवर कायद्यानं बंदी असावी.

बदलता येतं म्हणजे काय, हे आधी मला नीटसं कळलंच नव्हतं. माझी सगळी हयात तक्रार करण्यात गेलेली आहे. नळ, वीज, टेलिफोन, पोस्ट यांच्याशी माझा जो पत्रव्यवहार आहे तो छापला तर तीन खंड होतील. तक्रारीला एक पत्ता लागतो. समोर कोणीतरी जबाबदार मनुष्य आहे, तो नालायक आहे, आणि आपण निर्दोष आहोत, या तीन पायांवर तक्रारीचं तिवई उभं असतं. लिनक्सच्या परवान्यात मात्र सरळच लिहिलेलं आहे, की ही वस्तू कसलीही हमी न देता दिलेली आहे. घ्या, वापरा, उघडा, बदला, वाटा. मोडलं तर? मोडलं तर तुम्ही मोडलंत. स्वातंत्र्याची ही बाजू आम्हांला शाळेत झेंडावंदनाच्या वेळी कोणी सांगितली नव्हती. तिथं नुसताच खाऊ मिळायचा.

याचा अनुभव आठवड्याभरात आला. चालू असलेल्या कार्यक्रमांची यादी एका ठिकाणी दिसते. तीत 'एक्सएफडब्ल्यूएम४' असं काहीतरी बसलेलं होतं. आमच्या कचेरीतही यादीत असे दोघे-चौघे असायचे, ज्यांचं नेमकं काम काय ते कोणाला ठाऊक नसायचं. म्हटलं, मेमरी वाचवावी. समोर 'बंद करा'चं बटण होतं. दाबलं. आणि पडद्यावरच्या सगळ्या खिडक्यांच्या चौकटी गेल्या! खिडकीला डोक्यावर जी नावाची पट्टी असते, जिला धरून ती सरकवता येते आणि जिच्या कोपऱ्यातल्या फुलीनं ती मिटते, ती पट्टीच नाही. खिडक्या जागच्या जागी थिजलेल्या. हलत नाहीत, मिटत नाहीत, अक्षर उमटवून घेत नाहीत. ज्याला मी बिनकामाचा समजलो तो खिडक्या सांभाळणारा मुख्य कारभारी होता. कचेरीतल्या त्या दोघा-चौघांची मी मनातल्या मनात माफी मागितली.

घाबरून कॉम्प्युटर बंद केला. बंद करताना त्यानं विचारलं, की ही बैठक पुढच्या वेळेसाठी जपून ठेवू का? मी सभ्यपणे होय म्हटलं. चालू केला, तर पुन्हा बिनचौकटीच्या खिडक्या! पुन्हा बंद, पुन्हा चालू, पुन्हा तेच. त्यानं माझी चूक इमानेइतबारे पाठ करून ठेवली होती आणि रोज सकाळी ती मला म्हणून दाखवत होता. माणसांचंही असंच होतं म्हणा. एक दिवस रागाच्या भरात एखाद्याशी बोलणं बंद करावं, आणि झोपताना ते मनात जपून ठेवावं. मग वीस वर्षं दोन भाऊ एका जिन्यावरून पाठ फिरवून उतरताना दिसतात. मूळ बिघाड पाच मिनिटांचा असतो. तो जपून ठेवणं हाच खरा बिघाड.

ओंकारनं फोनवरून सोडवलं. "कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-टू एकदम दाबा. काळा पडदा येईल. घाबरू नका." काळा पडदा आला आणि मी घाबरलो. मग त्याच्या सांगण्यावरून एकेक अक्षर टंकून, जपलेल्या बैठकींची जी जागा असते ती साफ केली. पुन्हा चालू केला तेव्हा चौकटी जागेवर होत्या. त्या दिवशी मी आपल्या हातानं काहीतरी मोडलं आणि आपल्या हातानं जोडलं होतं. एकोणसत्तराव्या वर्षी असा आनंद क्वचित मिळतो. तो मला पचला नाही.

दुसऱ्याच दिवशी मी सुधारणेला सुरुवात केली.

ताईचा पडदा माझ्या डोळ्यांत आधीपासून सलत होता. एक तर तिनं त्यावरची घनता १०२४ बाय ७६८ ठेवली होती. त्या पडद्याचं जन्मजात माप १२८० बाय १०२४. कमी मापावर चित्र ताणलं जातं, अक्षरं पुसट होतात आणि फोटोतली माणसं जराशी उंच दिसतात. दुसरं, तिच्या फायलींची चित्रं पडद्यावर वाटेल तशी विखुरलेली. एक इथं, दोन तिथं, मध्येच मोकळं रान, कोपऱ्यात एकटंच काहीतरी. मराठी शाळेतल्या बाईच्या पडद्याला शिस्त नसावी याचं मला वाईट वाटलं. ती देवळात गेली होती. म्हटलं, येईपर्यंत जरासा हात फिरवून ठेवावा.

माप बरोबर केलं. वरची पट्टी खाली आणली. अक्षरांचा नाजूक, रेखीव ठसा निवडला. मग मोकळ्या जागी उजवं बटण दाबलं. तिथं चित्रं रांगेत लावण्याची सोय आहे. एका टिचकीसरशी सगळी चित्रं डाव्या बाजूला, कवायतीला उभी राहिल्यासारखी एकाखाली एक! मी लांब जाऊन पाहिलं, जवळ येऊन पाहिलं. हिला बोलावून दाखवलं. ही म्हणाली, "ताईंना विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात? सुधारणाच आहे."

ताई आली. तिनं पाहिलं. जरा वेळ पाहतच राहिली. मग म्हणाली, "छान दिसतंय हं, बाळू." आणि चहा टाकायला आत गेली.

या ठिकाणी सुधारणेच्या इतिहासाकडे जरा वळायला हवं. १८८८ साली आगरकरांनी 'सुधारक' काढला. लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. पण आगरकरांनी निदान वर्तमानपत्र काढलं होतं. आपण काय बदलू पाहतोय ते छापून लोकांच्या हातात दिलं होतं आणि शिव्या द्यायची सोय ठेवली होती. लोक देवळात गेलेले पाहून मागच्या मागं घर आवरणारा सुधारक हा निराळा प्राणी. तो जगभर आहे. लिनक्सच्या दुनियेत ग्नोम नावाचा एक मोठा लोकप्रिय चेहरा आहे. २०११ च्या एप्रिलमध्ये त्याची तिसरी आवृत्ती आली, तीत खालची खिडक्यांची पट्टी गेली, खिडकी तात्पुरती झाकून ठेवायचं बटण गेलं आणि पडद्यावर फायलींची चित्रं ठेवण्याची रीतही गेली. हे करणारे लोक हुशार होते आणि हेतू वाईट नव्हता. त्यांना घर नीट दिसायला हवं होतं. पण वर्षानुवर्षं हात जिथं सवयीनं जायचा तिथं भिंत आली. लोक असे भडकले की खुद्द टॉर्वाल्ड्‌स उठून आमच्या एक्सएफसीईत राहायला आले. पुढं दोनएक वर्षांनी ते परत ग्नोममध्ये गेले ते सोडा, माहेरी आलेल्या माणसाचे दिवस मोजू नयेत. अर्जेंटिनातल्या एका वापरणाऱ्यानं तर जुन्या ग्नोमचंच सगळं सामान उचललं आणि त्याचा निराळा चेहरा चालू ठेवला. तिकडच्या एका पेयावरून त्याचं नाव ठेवलं 'माते'. रागानं घर सोडलेल्या माणसाच्या तोंडी याहून योग्य हाक कुठली येणार?

म्हणजे तिथं ज्यांना पटलं नाही त्यांना ओरडता आलं, सामान उचलून निघून जाता आलं. आमच्या घरी ताईला ते दोन्ही शक्य नव्हतं. पण हे मला कळायला एकोणीस दिवस लागले.

झालं असं, की मी विजेच्या बिलांची एक फाइल करून पडद्यावर ठेवली आणि ती सापडेना म्हणून सगळ्या फायली तारखेप्रमाणे लावून पाहिल्या. तेव्हा दिसलं की 'रोजचे' या फायलीवरची शेवटची तारीख मी हात फिरवला त्याच्या आदल्या दिवसाची. त्यानंतर तिला कोणी हात लावलेला नाही. मी फाइल उघडली नाही, हे इथं नमूद करतो. एवढी अक्कल माझ्यात आहे. पण नाव 'रोजचे' आणि एकोणीस दिवस कोरे! मग आठवलं, की हल्ली ताई चार ते पाच खिडकीशी बसते. नुसतीच.

"ताई, लिहीत नाहीस हल्ली?"

"डोळे दुखतात रे."

अक्षरं तर मी पूर्वीपेक्षा रेखीव करून दिली होती! मला शंका आली की माझ्याच हातून काहीतरी बिघडलंय. मी ओंकारला फोन लावला. तो म्हणाला, एक्सएफसीई आपल्या सगळ्या सवयी साध्या मजकुराच्या फायलींत लिहून ठेवतं. त्या ज्या फोल्डरात असतात त्याच्या नावाच्या सुरुवातीला टिंब असतं, आणि टिंब असलं की तो एरवी दिसत नाही. कंट्रोल आणि एच दाबलं की दिसतो. मी दाबलं. जन्मभर घरात राहून ज्या खोल्या कधी पाहिल्या नव्हत्या त्या समोर उघडल्या.

त्यांत एक फोल्डर होता पडद्यावरच्या चित्रांचा. आमच्याकडच्या ४.१६ या आवृत्तीत एक गंमत आहे. पडद्याच्या प्रत्येक मापाला चित्रांच्या जागांची वेगळी फाइल असते, आणि ते माप फाइलीच्या नावातच असतं. तिथं दोन फायली होत्या. एक माझ्या मापाची. दुसरी जुन्या मापाची, ताईची. मी माप आधी बदललं होतं आणि कवायत नंतर घेतली होती, त्यामुळं तिच्या फाइलीला माझा हात लागलेलाच नव्हता. उघडून पाहिली. आत चित्राचं नाव, त्याखाली रांग, त्याखाली स्तंभ. मोजणी शून्यापासून. 'स्तोत्रे' रांग ०, स्तंभ ८. 'पाककृती' रांग ५, स्तंभ ८. 'लोणची' रांग ६, स्तंभ ८. 'पत्रे' रांग ३, स्तंभ ०. दाव्यांच्या टेबलावर जन्म काढलेल्या माणसाला आकडे दिसले की चैन पडत नाही. जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून मी त्यावर चौकटी आखल्या आणि एकेक नाव आपापल्या घरात लिहीत गेलो.

निम्मं झाल्यावर माझा हात थांबला.

वर उत्तर धरली तर स्तोत्रं ईशान्येला. तिथं आमचं देवघर होतं. पाककृती आणि लोणची आग्नेयेला; स्वयंपाकघर, आणि त्याच्या मागची बरण्यांची फळी. पत्रं पश्चिमेकडे मधोमध. तिथं ओसरी, पोस्टमन तिथंच बसून पाणी प्यायचा. 'औषधे' ज्या जागी होतं तिथं भिंतीत कोनाडा होता आणि त्यात आजोबांचा खल. 'रोजचे' बरोबर मध्यभागी, माजघरात. वायव्येला, रांग ०, स्तंभ ० इथं कचऱ्याची टोपली. आमचा उकिरडा तिथंच होता. आणि खाली डाव्या कोपऱ्यात एकटंच जे चित्र मला अनाथ वाटलं होतं, त्याचं नाव 'ह्यांचे'. ओसरीच्या शेवटची ती लहान खोली. भावोजी सणावाराला आले की त्यांची गादी तिथं घालायचे. जावयाची खोली!

वाईचं ते घर आम्ही १९९४ साली विकलं. सही मीही केली होती. पाडताना बघायला मी गेलो नव्हतो.

ताईकडे गेलो तेव्हा ती खिडकीशीच होती.

"ताई, तू बोलली का नाहीस?"

"कशाबद्दल?"

मी कॅलेंडरचं पान पुढं केलं. तिनं चष्मा लावून ते पाहिलं. विहीर मी चुकीच्या बाजूला काढली होती, ती तिनं बोटानं दाखवली.

"अगं, पण ओढून परत लावता आली असती. एकेक चित्र धरून नुसतं सरकवायचं."

"ते येतं मला," ताई म्हणाली. "पण तू एवढं हौसेनं लावलंस. तुझा कॉम्प्युटर, तुझं घर. मी कशी विस्कटणार?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. माणसाला 'आपलंच घर समज' म्हणताना आपण फारसा विचार करत नाही. त्यानं खरोखर समजून एखादा स्टूल हलवला, की आपल्याला तो जागेवर ठेवावासा वाटतो. चार वर्षांत ताईनं आमच्या घरातली एक वाटीसुद्धा इकडची तिकडे केली नव्हती, आणि मी तिच्या गुणी स्वभावाचं लोकांजवळ कौतुक करत होतो.

पण म्हणून कोणीच कशाला हात लावू नये, असंही मला म्हणवत नाही. ओंकारनं न विचारता मराठी कळपाटाची कळ बसवून दिली नसती तर ताई लिहितीच झाली नसती. न विचारता केलेलं एक तिला लाभलं आणि एक बाधलं, आणि करताना आम्हां दोघांचाही चेहरा सारखाच परोपकारी होता. आधी विचारावं म्हणावं, तर विचारल्यावर ती 'कर की' म्हणाली असती. ताई कशालाही 'कर की' म्हणते. नेमकं काय विचारायला हवं होतं, ते मला अजून नीट सांगता येत नाही. बहुधा, 'हे इथं का ठेवलंयस?' एवढंच.

तिच्या देखत परत लावायला बसलो. माप १०२४ बाय ७६८ केलं. चित्रं हलली, पण जागेवर जाईनात. पाऊण तास झटापट झाली. मग लक्षात आलं, की चित्रांना मिळणारी जागा पट्टी वगळून मोजलेली असते. खाली आणलेली पट्टी पुन्हा वर नेल्याशिवाय जुनं माप जुळणार नाही. पट्टी वर नेली, पुन्हा चालू केला, आणि सगळं वाई जागच्या जागी येऊन उभं राहिलं.

अक्षरं पुसट झाली होती. फोटोतले भावोजी पुन्हा उंच झाले होते. १२८० बाय १०२४ हेच त्या पडद्याचं बरोबर माप आहे, हे माझं मत आजही कायम आहे, आणि ते मी ताईला सांगितलंही. म्हटलं, त्या मापावर अक्षरं मोठी करून देतो, मग तूच पुन्हा सगळं लाव, स्वच्छ दिसेल.

"राहू दे," ती म्हणाली. "पुसट असलं तरी कुठं काय आहे ते मला ठाऊक आहे."

ती बसली. तिचा हात उंदरावर गेला, सरळ मधोमध. मग थबकला.

"हे काय रे? हे माझं नाही."

उकिरड्याच्या लगेच खाली, रांग १, स्तंभ ० मध्ये माझं 'वीजबिल' येऊन पडलं होतं. जुन्या फाइलीत त्याला जागा नव्हती, आणि ज्याला जागा नाही त्याला पहिली मोकळी जागा मिळते.

"थांब, काढतो."

"तिथं काय होतं आठवतंय?"

मी कॅलेंडरवर पाहिलं. "गोठा."

"मग असू दे तिथंच," ताई म्हणाली. "दादांनी शिक्षा केली, की तू गोठ्यातच जाऊन बसायचास."

चार वाजून गेले होते. मी खुर्ची मागं सरकवली, आणि चहाचं विचारायला आत गेलो.